कायम नोकरीतला नट

नटाचा धंदा बेभरवशाचा, असं आपण उगीच समजतो. जेम्स ओनील हा अमेरिकन नट तीसेक वर्षं एकाच टेबलावर होता. बढती नाही की खातं बदलणं नाही! त्याची हकिगत वाचल्यापासून हा गृहस्थ मला आमच्याच बँकेतला वाटू लागला आहे.

जन्म आयर्लंडचा. कुटुंब अमेरिकेत आलं आणि वडील बायकापोरांना तिथेच टाकून मायदेशी परतले. अशा घरात वाढलेला माणूस भुताला भीत नाही, महिनाअखेरीला भितो. तरीही गडी चढला. १८७४ साली शिकागोत एडविन बूथसारख्या बड्या नटासमोर तो आलटून पालटून ऑथेल्लो आणि इयागो रंगवत होता. म्हणजे आमच्या भाषेत, ऑफिसर होणार हे नक्की!

आणि १८८३ साली न्यूयॉर्कला त्याच्या वाट्याला 'माँटे क्रिस्टो' आलं. ड्यूमाच्या कादंबरीवरचं नाटक. खोट्या आरोपाखाली कैदेत पडलेला दान्तेस पळतो, समुद्रातून खडकावर चढतो आणि विजयाची गर्जना करतो. लोक खुळावले. ओनीलने पुढे २००० डॉलर मोजून नाटकाचे हक्कच घेतले. घरबसल्या फिक्स डिपॉझिट! मग गावोगाव प्रयोगांवर प्रयोग. मधूनमधून त्याने दुसरी नाटकं करून पाहिली, पण लोकांना तो खडकावरच हवा होता. दान्तेस चौदा वर्षांनी कैदेतून सुटला. ओनील काही सुटला नाही.

१९१२ साली अ‍ॅडॉल्फ झुकरच्या फेमस प्लेअर्स कंपनीने त्याला याच भूमिकेत पडद्यावर आणलं. वय पासष्टीच्या घरात, भूमिका तरण्याबांड खलाशाची. त्यातून दुसऱ्या कंपनीने तोच विषय आधी उरकला, म्हणून याचा चित्रपट १९१३ पर्यंत रखडला. आणि चित्रपट कसला? मूकपट! ज्या गर्जनेवर एवढी वर्षं घर चाललं, ती गर्जना ऐकायलाच येईना.

धाकटा मुलगा यूजीन मोठा नाटककार झाला. १९३६ चं नोबेल त्याला मिळालं. 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट' या नाटकात त्याने बाप रंगवला तो असा: हमखास पैशापायी आपल्यातला थोर नट घालवला म्हणून हळहळणारा, आणि वीज जळते म्हणून घरातले दिवे मालवत फिरणारा.

पोराचं खरं असेल. पण तो नाटककार होईपर्यंत घर चाललं ते त्या खडकावरच ना? न्यू लंडनच्या त्यांच्या घराचं नावच 'माँटे क्रिस्टो कॉटेज'. आज तिथे संग्रहालय आहे. १९२० च्या फेब्रुवारीत मुलाचं 'बियाँड द होरायझन' ब्रॉडवेवर लागलं, ते म्हाताऱ्याने डोळे भरून पाहिलं. ऑगस्टमध्ये तो गेला.

रात्री पॅसेजमधला दिवा मालवला की आमचे चिरंजीव हल्ली कपाळाला आठ्या घालतात. मी म्हणतो, ''घाल बाबा आठ्या. पण मग नाटक तरी लिही!''