कोणता तारा कुठे सापडतो

‘एलिट डेंजरस’ या संगणकीय खेळातली आकाशगंगा खऱ्या आकाशगंगेच्याच मापाची आहे. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये हा खेळ आणला. त्यात सुमारे ४०० अब्ज तारासंस्था आहेत. सूर्याच्या आसपासचे बरेच तारे खऱ्या तारकासूचींतून घेतलेले आहेत. बाकीचे वय आणि वस्तुमान यांच्या नियमांनुसार संगणक घडवतो. त्यामुळे तारा कोणत्या प्रकारचा हवा हे ठरले की तो कुठे शोधायचा हेही बरेचसे ठरते. प्रस्तुत लेखकाने पांढुर्ण्यात बसून या नकाशात जी भटकंती केली, तिच्यातून हाती आलेली माहिती पुढे प्रकारवार दिली आहे.

सर्वांत सहज सापडतात ते तांबडे बटुतारे. खऱ्या आकाशगंगेत दर चार ताऱ्यांपैकी सुमारे तीन याच प्रकारचे आहेत. ते मंद असल्याने पांढुर्ण्याच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना त्यांतला एकही दिसत नाही. खेळाच्या नकाशात मात्र प्रकारांची चाळणी लावून बाकीचे तारे झाकले की तांबडे ठिपके सगळीकडे पसरलेले दिसतात. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या सात वर्गांच्या ताऱ्यांजवळून यानाला इंधन भरता येते. म्हणून मार्ग आखताना हीच चाळणी आधी लावतात.

ओ आणि बी वर्गांचे निळे, वजनदार तारे अल्पायुषी असतात. जन्मस्थानापासून फार दूर जाण्याआधीच ते संपतात. म्हणून खऱ्या आकाशगंगेत ते सर्पिल भुजांत, तेजोमेघांच्या आसपास आढळतात. हिवाळ्यात पांढुर्ण्यातून दिसणारा मृगातला राजन्य आणि कृत्तिकेतले ठळक तारे याच निळ्या गटातले. खेळात तारासंस्थेच्या नावातले लहान लिपीतले अक्षर उपयोगी पडते. ए ते एच अशी ही श्रेणी असून अक्षर जितके पुढचे, तितके वस्तुमान अधिक. निळे तारे आणि कृष्णविवरे हवी असतील तर शेवटची अक्षरे शोधावीत. काक्षी आणि ज्येष्ठा हे तांबडे महाराक्षसी तारे खेळात त्यांच्या खऱ्या जागी भेटतात.

श्वेतबटू विखुरलेले आहेत. सर्वांत ओळखीचा म्हणजे ८.६ प्रकाशवर्षांवरच्या व्याधाचा जोडीदार. खेळात तिथे जायला आधी परवाना मिळवावा लागतो.

प्रवाशाच्या सर्वाधिक कामाचा प्रकार न्यूट्रॉन तारा. त्याच्या ध्रुवांतून निघणाऱ्या झोतात यान शिरले की पडदा थरथरतो, यान हेलकावते आणि एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या पुढच्या एका उडीचा पल्ला चौपट होतो. प्रत्येक वेळी यंत्रणेची थोडी झीजही होते. सूर्यापासून आकाशगंगेचे केंद्र सुमारे २५,९०० प्रकाशवर्षे दूर आहे. उडीत ५० प्रकाशवर्षे जाणाऱ्या यानाला तिथवर पाचशेहून अधिक उड्या लागतात; न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मार्गाने त्या कितीतरी कमी होतात. हे तारे सूर्याजवळ विरळ आहेत. केंद्राकडे जाताना मात्र मध्यप्रतलाच्या थोडे वर आणि थोडे खाली त्यांचे दाट थर लागतात. न्यूट्रॉन ताऱ्याजवळ इंधन मिळत नाही, म्हणून अधूनमधून एफ, जी किंवा के वर्गाच्या ताऱ्याकडे वळावे लागते.

असे दाट थर ही खेळाच्या गणिताची निपज आहे. खऱ्या आकाशात बहुतेक ज्ञात न्यूट्रॉन तारे स्पंदक म्हणून, रेडिओ लहरींतून सापडले आहेत, आणि काही जुन्या गोलाकार तारकागुच्छांतही आहेत. पुणे जिल्ह्यातल्या खोडद येथील, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या महाकाय दुर्बिणीने एनजीसी १८५१ या गुच्छात असा एक स्पंदक शोधला. तो २००४ मध्ये जाहीर झाला.

केंद्रापाशी गर्दी सर्वांत दाट आहे, आणि मधोमध महाकाय कृष्णविवर सॅजिटेरियस ए-तारा. ही दिशा पांढुर्ण्यातूनही बघता येते. मे महिन्यात उत्तररात्री दक्षिणेला वृश्चिकाच्या नांगीजवळ, धनु राशीत, क्षितिजापासून जास्तीत जास्त सुमारे ३९ अंशांवर ती येते. गावाच्या दिव्यांपासून दूर, सौसरकडच्या संत्र्यांच्या बागांजवळ, तिथला दुधी पट्टा अधिक रुंद आणि उजळ दिसतो. धुळीच्या आड असल्याने खुद्द केंद्र डोळ्यांना दिसत नाही. खेळात तिथवर पोचता येते. तिथे तारासंस्था इतक्या जवळजवळ आहेत की छोट्या उड्यांनीही मार्ग आखता येतो.