रंकाळा, जोतिबा आणि डोळ्यांतला दाब

कोल्हापुरास कधी आलात, तर एक पहाट रंकाळ्यासाठी राखून ठेवा. उजाडण्यापूर्वी शालिनी पॅलेसच्या बाजूने चालू लागावे. पाण्यावर धुके असते, संध्यामठ पुसट दिसतो आणि माणसे दिसण्याआधी त्यांचा श्वास ऐकू येतो. कट्ट्यावर ओळीने बसलेली वडीलधारी मंडळी भस्त्रिका आणि कपालभाती करीत असतात. शांत पाण्यावरून तो फुसफुसाट दूरवर पोहोचतो. दवाखान्यात विचारायचे राहून गेलेले प्रश्न मला याच कट्ट्यावर विचारले जातात. अलीकडे त्यांतला एक वारंवार येतो. “डॉक्टर, मला काचबिंदू आहे. प्राणायामाने डोळ्यातला दाब वाढतो की उतरतो?”

दोन्ही घडते. कोणता श्वास काय करतो हे समजून घ्यायचे, तर जयंती नाला डोळ्यांपुढे आणावा लागेल.

हा नाला शहरातून वाहत पंचगंगेस मिळतो. एरवी त्याचे पाणी निमूटपणे नदीत जाते. पंचगंगा फुगली की मात्र त्याला पुढे वाट उरत नाही. तो मागे भरू लागतो आणि पाणी वस्तीत शिरते. २०१९ चा महापूर ज्यांनी सोसला, त्यांना हे निराळे सांगायला नको. आपल्या डोळ्याच्या आतही असा एक प्रवाह रात्रंदिवस चालू असतो. तेथे तयार होणारा पारदर्शक द्रव (हे अश्रू नव्हेत) बुबुळाच्या कडेच्या सूक्ष्म जाळीतून झिरपून शिरांमध्ये उतरतो. येणे-जाणे जुळलेले असले, की दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या आसपास राहतो. वाट अडली की तो चढतो आणि दृष्टीची नस झिजू लागते. काहींची नस याच मर्यादेतल्या दाबानेही झिजते, म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नये. गेलेली नजर परत येत नाही.

आता या शिरांमधले रक्त शेवटी छातीकडेच उतरते. श्वास आत कोंडून आपण जोर केला, की छातीतला दाब वाढतो. नदी फुगते, नाला तुंबतो. काही क्षणांतच डोळ्यातला दाब चढतो आणि श्वास सोडला की पुन्हा उतरतो. निरोगी डोळा हे सहज सोसतो. ज्याची नस आधीच झिजली आहे, त्याने रोज आणि पुन:पुन्हा हा भार डोळ्यावर घालू नये.

रंकाळ्यावरून परतताना गंगावेशीकडून या. तालमीतली तांबडी माती आणि जोर-बैठकांचा नाद या शहराच्या अंगात मुरलेला आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले, त्या परंपरेचे हे गाव. येथे सत्तरीचा गृहस्थही “पूर्वी मी लढत असे” म्हणून सांगतो, आणि बऱ्याचदा ते खरेही असते. अशा शरीरांना श्वास रोखून जोर लावण्याची सवय जडलेली असते. ब्राझीलमध्ये २००६ साली ३० पुरुषांवर झालेल्या अभ्यासात वजन उचलताना श्वास रोखला असता डोळ्यातला दाब अधिक वाढला. श्वास चालू ठेवला तेव्हा वाढ कमी होती. शीर्षासनाची गोष्ट याहून गंभीर. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी ७५ योगाभ्यासींची तपासणी केली, तेव्हा शीर्षासनात दाब सुमारे दुप्पट झालेला आढळला. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन, हलासन यांना निरोप द्यावा. जुन्या पैलवानाला हे पटवणे किती कठीण असते, ते मी जाणतो.

असेच एक पैलवान माझे रुग्ण आहेत, वय ७२. जोतिबाची चैत्रयात्रा त्यांनी कधी चुकवली नाही. एका वर्षी दर्शन घेऊन पायऱ्या चढताना ते तीन वेळा बसले. मला दाखवायला आले तेव्हा छातीत शिट्टीसारखा आवाज येत होता. तरुणपणी विडी ओढलेली, त्यामुळे मी निदानाबद्दल फार विचार केला नाही. दम्याची औषधे दिली. तीन आठवडे गेले, गुण नाही. चौथ्या वेळी त्यांच्या पत्नीने हातातली पिशवी टेबलावर पालथी केली. तिच्यातून एक इवलीशी बाटली घरंगळली. टिमोलॉल. “ह्ये डोळ्याचं हाय, तुमास्नी काय दावायचं, म्हणून आणलं न्हवतं,” त्या म्हणाल्या. त्यांना दोष कसा देणार? विचारायचे मीच विसरलो होतो.

डोळ्यात घातलेला थेंब डोळ्यातच राहत नाही. आतल्या कोपऱ्यातल्या नळीतून तो नाकात उतरतो आणि तेथून रक्तात जातो. टिमोलॉल श्वासनलिका आकसवू शकते, नाडीही मंद करते. त्यांची नाडी त्या दिवशी ४८ होती. मी लगेच नेत्रतज्ज्ञांना फोन केला, थेंब बदलले गेले आणि आठवड्याभरात छाती मोकळी झाली. मधल्या काळात पैलवानांनी मनाशी ठरवूनही टाकले होते, की थेंब बंद करायचे आणि प्राणायामावर भागवायचे. बाटली आणखी महिनाभर पिशवीत राहिली असती, तर त्यांनी तसे केलेही असते.

घरातल्या ज्येष्ठांची औषधे आपण सांभाळत असाल, तर डोळ्यांच्या थेंबांची बाटली प्रत्येक डॉक्टरला दाखवा, आणि दमा किंवा मंद नाडी असल्याचे नेत्रतज्ज्ञांना आधीच सांगा. दम्याच्या फवाऱ्यात स्टिरॉइड असेल तर तेही सांगावे, कारण स्टिरॉइडने काहींचा दाब वाढतो. थेंब घातल्यावर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबून धरला, तर औषध रक्तात कमी जाते.

आता कट्ट्यावरच्या त्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. सावकाश, पोटाने घेतलेला आणि त्याहून सावकाश सोडलेला श्वास काचबिंदूच्या रुग्णास हितकर आहे. अनुलोम-विलोम करावे, पण कुंभक करू नये. जोरकस भस्त्रिकेपासून दूर राहावे. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०१८ साली काचबिंदूच्या ९० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका गटाने २१ दिवस ध्यान केले आणि त्या गटाचा दाब लक्षणीय उतरला. त्यांचे थेंब मात्र चालूच होते. कट्ट्यावर ही बातमी पोहोचते तेव्हा नेमके एवढेच वाक्य वाटेत गळून पडते. बद्धकोष्ठ असेल तर त्यावर उपचार घ्यावेत, कारण शौचाला कुंथणे म्हणजेही श्वास कोंडणेच. पहाटे तांब्याभर पाणी एका दमात पिण्यानेही डोळ्याचा दाब काही काळ वाढतो. तेच पाणी थोडे थोडे प्यावे. (ही सूचना लोकांना शीर्षासनबंदीहून अधिक जाचते.)

पैलवान यंदाही जोतिबाला जाऊन आले. चढताना प्रत्येक पायरीवर ते मोठ्याने “चांगभलं” म्हणतात. भक्ती आहेच; पण तोंडाने चांगभलं म्हणताना श्वास कोंडून धरता येत नाही, हे त्यांनीच मला कट्ट्यावर सांगितले.