समुद्रावरील पंक्तिप्रपंच

पंक्तिप्रपंच हा शब्द आपल्या घरांतून अजून अगदींच नाहींसा झालेला नाहीं. एका ओळींत बसलेल्या दोघांपैकीं एकाच्या भातावर तुपाची धार सढळ हातानें सोडली आणि दुसऱ्याच्या भाताला केवळ वास लागेल इतकेंच वाढलें, तर घरांतलें एखादें वडील माणूस हा शब्द काढल्यावांचून राहत नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं तर एका पंक्तींत विषम वाढणें हा दोषच मानिला आहे. भर समुद्रांत, वीस मजली जहाजावर, हा शब्द आठवण्याचा प्रसंग यावा ही गोष्ट मात्र अनेकांस नवल वाटण्याजोगी आहे. अलीकडे मुलांकडे अमेरिकेस किंवा विलायतेस जाणारीं वडील मंडळी पुष्कळ झालीं असून, मुलेंहि हौसेनें आईबापांस चार-सात दिवसांच्या जलपर्यटनास, म्हणजे सर्व लोक ज्यास ‘क्रूझ’ म्हणतात त्यास, घेऊन जातात. अशा मंडळींस तिकिटें काढण्यापूर्वीं उपयोगी पडावी म्हणून ही हकीकत लिहीत आहें.

प्रथम हीं जहाजें केवढीं असतात तें सांगितलें पाहिजे. रॉयल कॅरिबियन कंपनीचें ‘आयकॉन ऑफ द सीज’ हें जहाज २०२४ च्या जानेवारींत पहिल्या सफरीवर निघालें. त्याची लांबी सुमारें ३६५ मीटर. एका खोलींत दोघे असा हिशेब धरला तर त्यांत ५,६१० उतारू मावतात. सर्व खाटा भरल्या तर ही संख्या साडेसात हजारांच्या पुढें जाते. खलाशी व नोकर वेगळेच. आपल्याकडचें एखादें बाजाराचें गांव उचलून पाण्यावर ठेवावें, असा हा प्रकार आहे. एवढ्या लोकांस तिन्ही त्रिकाळ जेवूं घालणें हेंच मुळीं एक राजसूय यज्ञाचें काम होय. आणि तें घड्याळाच्या कांट्यावर पार पडतें, हें कबूल केलें पाहिजे.

तिकिटाच्या पैशांतच मुख्य भोजनगृहांतील जेवण येतें. परंतु खोल्या सर्व सारख्या नसतात. ज्यांस खिडकीहि नाहीं अशा आंतल्या खोल्या सर्वांत स्वस्त. मग खिडकीच्या, मग सज्जाच्या. आणि सर्वांवर ‘स्वीट’. स्वीट म्हणजे बैठकीची जागा, निजण्याची जागा आणि मोठा सज्जा असलें प्रशस्त बिऱ्हाड. गोड या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशीं त्याचा उच्चार जुळतो एवढेंच; दर ऐकल्यावर त्या गोडीचा मागमूस राहत नाहीं. या स्वीटवाल्यांसाठीं अलीकडे बहुतेक मोठ्या कंपन्यांनीं स्वतंत्र भोजनगृहें काढलीं आहेत. रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या जहाजांवर त्यास ‘कोस्टल किचन’ म्हणतात, सेलिब्रिटीच्या जहाजांवर २०१५ पासून ‘ल्युमिने’ आहे. नॉर्वेजियन कंपनीचें ‘हेवन’ आणि एम्. एस्. सी. कंपनीनें २००८ सालीं ‘फँटासिया’ जहाजावर प्रथम काढलेला ‘यॉट क्लब’ हीं तर जहाजाच्या पोटांतलीं दुसरीं जहाजेंच होत. त्यांचीं भोजनगृहें निराळीं, सज्जे निराळे, पोहण्याचे हौदहि निराळे. दाराशीं भालदार-चोपदार नसतो. खोलीची किल्ली म्हणून जें पत्त्याएवढें कार्ड मिळतें, त्यानेंच दार उघडतें किंवा उघडत नाहीं.

माझ्या पासष्टीच्या निमित्तानें मुलानें आम्हां उभयतांस अशा एका स्वीटमध्यें उतरविलें. तो स्वतः, सून व दोन मुलें साध्या सज्जाच्या खोलींत. आणि त्याच सुमारास नागपुराहून आलेले आमचे व्याही व विहीणबाई आंतल्या खोलींत. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून निघून कॅरिबियन बेटांना वळसा घालून सातव्या दिवशीं परतणारी ती सफर होती. कंपनीचें नांव येथें देत नाहीं, कारण नियम तिनें छापलेला होता आणि तो तिनें पाळला.

पहिल्या संध्याकाळीं आम्ही दोघें त्या वरच्या भोजनगृहांत डोकावलों. जागा खरोखर रमणीय. तीस-चाळीस मेजें, पैकीं निम्मीं रिकामीं. तिन्ही बाजूंस कांच, कांचेपलीकडे मावळतीचें पाणी. कोणी घाई करीत नाहीं, कोठें ताटल्यांचा खणखणाट नाहीं. शाकाहारी पदार्थ आधीं कळविल्यास निराळे करून देतात. मी खुर्ची ओढणार तोंच सौभाग्यवतींनीं माझी बाही धरली. “अहो, विहीणबाई खालीं त्या हजार माणसांच्या गर्दींत जेवणार आणि मी येथें कांचेच्या महालांत बसूं? लग्नांत त्यांच्या पंगतीला आपण मान घेतला तो एकदां; आतां जन्मभर घेत राहावयाचें कीं काय?”

वाचकांस सांगावयास नको कीं, हा प्रश्न साधा नव्हता. मुलाकडच्यांचा वरचढपणा हा आपल्या समाजांतला जुना रोग. विहिणीची पंगत, तिच्या पानाभोंवतालची रांगोळी, उखाणे, रुसवेफुगवे हें सर्व आपण पाहिलेलें आहे, आणि आपल्या घरीं तें होऊं द्यावयाचें नाहीं असें आम्हीं मुलाच्या लग्नांत ठरविलें होतें. तें सर्व एका कार्डानें पुन्हां मांडून ठेवलें. मुलाचा हेतु शुद्ध. सर्वांसाठीं स्वीट घेणें त्याच्या आवांक्याबाहेरचें. पण व्याह्यांच्या दृष्टीनें पाहिलें, तर मुलाकडचे वर आणि मुलीकडचे खिडकीवांचूनच्या खोलींत, असेंच चित्र दिसणार.

त्या भोजनगृहाचा मुख्य वाढपी, ज्यास तेथें ‘मेत्र डी’ म्हणतात, तो गोव्याचा निघाला. जगांतल्या जहाजांवर गोंयकार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करीत आली आहे, तेव्हां यांत आश्चर्य नाहीं. मी मराठींत विचारलें, “आमचे व्याही एक वेळ आमच्याबरोबर येथें जेवले तर चालेल काय? वाटल्यास वेगळे पैसे देऊं.” त्यानें हात जोडले. “सर, खुर्च्या रिकाम्या दिसतात त्या तुमच्या डोळ्यांना. आज तुम्हांला दोन दिल्या तर उद्यां चाळीस जण मागतील. ह्या लोकांनीं खोलीचे पैसे भरले ते ह्या दारासाठींच भरले.” मग आवाज उतरवून म्हणाला, “आमच्यासुद्धां जेवणाच्या खोल्या तीन, सर. अधिकाऱ्यांची एक, मधल्यांची एक, आणि खालच्यांची एक.” मला त्याच्या बोलण्याचा राग आला नाहीं. रिकामी खुर्ची दिसत असतांना नकार देणें अवघड असतें, आणि तो त्यानें खोटें कारण न सांगतां दिला.

त्यानेंच पुढें एक गोष्ट सांगितली, ती या सबंध व्यवस्थेची किल्ली आहे. खालच्यास वर येतां येत नाहीं. वरच्यास खालीं जाण्यास मात्र कोणाचीच आडकाठी नाहीं. स्वीटमधला उतारू मुख्य भोजनगृहांत हवा तेव्हां बसूं शकतो. मग काय, आम्हीं खालीं आठ जणांचें मेज मागून घेतलें आणि सातहि रात्री तेथें जेवलों. व्याह्यांनीं दोनदां तीनदां, “तुम्ही संकोच करूं नका, वर जा,” म्हणून आग्रह केला. त्यांचा आवाज मोकळा होता, परंतु तिसऱ्या रात्रीं तो आग्रह त्यांनीं बंद केला, आणि त्यानंतर त्यांच्या गप्पांना खरा रंग चढला. सकाळचा चहा मात्र आम्ही वर घेत असूं. नातू एकदां विचारता झाला, “आजोबा, तिथला चहा वेगळा असतो?” चहा तोच होता, कप अधिक पातळ होता.

ही व्यवस्था आजकालची आहे असें कोणी समजूं नये. पूर्वीं अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांत वर्ग जिन्यांनीं व फाटकांनीं तोडलेले असत. अमेरिकेंत येणाऱ्या गरीब आगंतुकांस इतर उतारूंपासून वेगळें ठेवण्याबद्दल त्या देशाचे नियमहि होते, कारण सांथीचें भय. वरच्यांतहि आणखी वर काढण्याची हौस मात्र पैशाची. हँबुर्ग-अमेरिका कंपनीनें १९०५ सालीं ‘अमेरिका’ जहाजावर रिट्झ-कार्लटनच्या नांवाचें उपाहारगृह काढलें. १९१२ सालीं बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर पहिल्या वर्गाचें मोठें भोजनगृह असतांना, त्याच वर्गापुरतें आणखी एक उपाहारगृह होतें; तेथें वेगळे पैसे मोजावे लागत, आणि त्याची व्यवस्था गाती नांवाच्या इटालियन गृहस्थाकडे होती. १९३६ सालीं निघालेल्या ‘क्वीन मेरी’वर वर्ग तीन, आणि पहिल्या वर्गास नांव ‘केबिन क्लास’ असें सौम्य. पण जहाजाच्या मागल्या टोंकास ‘व्हरांडा ग्रिल’ म्हणून जें लहान दालन होतें, तेथें त्या वर्गांतल्यांनासुद्धां आधीं मेज राखावें लागे आणि जास्त आकार द्यावा लागे. डॉरिस झिंकाइझेन या चित्रकर्त्रीनें त्याच्या भिंती रंगविल्या होत्या. हें जहाज १९६७ च्या डिसेंबरापासून कॅलिफोर्नियांतील लाँग बीच येथें नांगरलेलें आहे, आणि तिकडे जाणाऱ्यांनीं तें अवश्य पाहावें. त्याच्या मोठ्या भोजनगृहांतील भिंतीवर अटलांटिक महासागराचा प्रचंड नकाशा असून, जहाज कोठवर आलें तें दाखविण्यासाठीं त्यावर एक स्फटिकाचें चिमुकलें जहाज सरकत असे. कोणी कोणत्याहि मेजावर बसो, तें चिमुकलें जहाज मात्र एकच होतें.

विमानें आलीं, समुद्रावरून जाणारे उतारू आटले, आणि जहाजें सहलीकडे वळलीं. तेव्हां, साधारणतः १९७० नंतर, वर्ग मोडले. खोली लहान असो वा मोठी, जेवण सर्वांस एकाच ठिकाणीं, ही त्या काळच्या जाहिरातींतली मोठी फुशारकी असे. क्युनार्ड कंपनीनें मात्र खोलीप्रमाणें भोजनगृह हा जुना रिवाज सोडला नाहीं. २००४ च्या जानेवारींत निघालेल्या तिच्या ‘क्वीन मेरी २’ वर बहुतेकांसाठीं ‘ब्रिटानिया’ हें भव्य भोजनगृह आहे. वरच्या स्वीटसाठीं ‘प्रिन्सेस ग्रिल’ आणि ‘क्वीन्स ग्रिल’ वेगळीं. बाकीच्या कंपन्यांनीं एकदां मोडलेली भिंत पुन्हां कां उभारली, याचें कारण उघड आहे. जहाजें इतकीं अवाढव्य झालीं कीं श्रीमंत उतारू गर्दीस कंटाळून लहान जहाजांकडे वळूं लागला. सिल्व्हरसी, सीबोर्न यांसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर सर्वच खोल्या स्वीट; सर्वच वरचे, म्हणून तेथें दार लावण्याची गरज नाहीं. त्या उतारूस परत आणण्यासाठीं मोठ्या जहाजांनीं आपल्याच पोटांत लहान जहाज बांधलें.

यावर नाक मुरडण्यापूर्वीं आपल्याच घराकडे पाहावें लागतें. एका पंक्तींत विषम वाढूं नये हें आपण कसोशीनें सांभाळलें. पण पंक्तीस कोणी बसावें हें आपण जन्मावरून ठरविलें, आणि त्या दारास पैसे भरून उघडणारें कार्डहि नव्हतें. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनांत चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आलें आणि प्रायश्चित्ताचा वाद माजला. ज्या गोपाळराव जोश्यांनीं तीं नांवें छापून आणलीं, त्यांची पत्नी आनंदीबाई १८८३ सालीं समुद्र ओलांडून अमेरिकेस वैद्यक शिकावयास गेली होती, ही योजायोगाची गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. पुढें १९३१ सालीं रत्नागिरीस पतितपावन मंदिर झालें आणि सावरकरांच्या पुढाकारानें तेथें सहभोजनें झालीं, तेव्हां किती घरांतून किती काहूर उठलें, तें आमच्या वडिलांच्या पिढीनें आम्हांस सांगितलें आहे. जहाजावरचें दार पैशानें उघडतें, आणि पैसा आज नसला तरी उद्यां असूं शकतो. तितक्यापुरतें तें दार आपल्या जुन्या दारापेक्षां सौम्य म्हणावें लागेल. माझ्या लहानपणीं कोंकणच्या बोटींतहि वरचा वर्ग व खालचा डेक असे. पण डेकवर दशम्यांचा डबा उघडला कीं शेजारच्या अनोळखी कुटुंबाकडून लोणच्याची फोड येई, आणि वरच्या वर्गांतली माणसें ती पाहत राहत.

आतां व्यवहाराचें. स्वीटच्या भोजनगृहांत पाहुण्यास नेतां येईल किंवा नाहीं, याचे नियम कंपनीगणिक निराळे असून ते वरचेवर बदलतात. मित्रांचें किंवा जुन्या उतारूंचें सांगणें प्रमाण मानूं नये. तिकीट काढतांनाच कंपनीस लेखी विचारून उत्तर जवळ ठेवावें. नातवंडें वर जेवावीं असें वाटत असेल तर त्यांचीं नांवें त्याच स्वीटच्या तिकिटावर असावीं लागतात. समोरच्या खोलींत असलीं तरी तीं परकीं ठरतात. दोन निजण्याच्या खोल्या असलेले स्वीट कांहीं जहाजांवर असतात, आणि सहा जणांत वांटल्यास त्याचा दर कधीं कधीं तीन वेगळ्या खोल्यांच्या आसपास येतो. हा हिशेब अवश्य करून पाहावा. मंडळी वेगवेगळ्या वर्गांत असल्यास सर्वांचीं तिकिटें एकमेकांस जोडून घ्यावीं, म्हणजे मुख्य भोजनगृहांत एकच मोठें मेज मिळतें. तें पहिल्याच दुपारीं जाऊन निश्चित करावें, कारण संध्याकाळपर्यंत आठ जणांचीं मेजें उरत नाहींत. आणि व्याही बरोबर असतील तर खोल्या ठरविण्याचें काम एकट्या मुलावर सोंपवूं नये.