सायकलीवरचे पाणी

पांढुर्ण्याहून सौंसरकडे वैशाखात सायकलीने निघणाऱ्याने चाकांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार पाण्याच्या बाटलीचा करावा, असे माझे ठाम मत आहे. कारण सातपुड्याच्या या मुलखात संत्र्यांच्या बागा मागे पडून उघडे माळ लागले की ऊन जी वसुली करते, तिच्यात सूट वा तहकुबी नसते. पूर्वी प्रवासी कॅनव्हासची छागल बाळगीत. तिच्या विणीतून पाझरणारे पाणी बाष्परूप होताना आतली उष्णता हरण करी, आणि वारा जितका कोरडा तितके ते अधिक शीतल होई. प्लास्टिकच्या बाटलीत हा गुण नाही. ती हलकी, चालत्या सायकलीवर एका हाताने दाबून पिता येण्याजोगी, परंतु दुपारी पाणी कढत करणारी. दुहेरी भिंतींची पोलादी बाटली गारवा राखते, मात्र ती जड, आणि एक लिटर पाण्याचे वजनच मुळी एक किलो! म्हणून मी दोन्ही नेतो: पोलादीत निव्वळ पाणी, दुसरीत लिंबू, मीठ, साखर. अरुंद तोंडाची मात्र कोणतीही घेऊ नये. ती आतून घासता येत नाही आणि बुरशी धरते. प्लास्टिकच्या बाटलीवर ओला सुती मोजा चढवावा. छागलीचे काम तो पुष्कळ अंशी करतो.