तातडी नेमकी कोणाची?



शिवाजी पार्कवरच्या संचलनात फोर्स वनची तुकडी पुढे आली की टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या तुकडीचे व्हिडिओ आपल्या वस्त्यांतली पोरंही अभिमानाने स्टेटसला ठेवतात. त्यात गैर काही नाही. पण टाळ्या वाजवून झाल्यावर एक प्रश्न आपण विचारायलाच हवा. या शहरात 'तातडीचा प्रसंग' कशाला म्हणायचे हे कोण ठरवतो? कोणाच्या हाकेला पथक मिनिटांत धावते आणि कोणाला बाकड्यावर बसवून ठेवले जाते?

आधी इतिहास पाहू. मुंबई पोलिसांकडे शीघ्र कृती दल, म्हणजे क्यूआरटी, 26/11 च्या आधीपासून होते. तरी 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ताज आणि ओबेरॉयमधल्या अतिरेक्यांना संपवण्यासाठी दिल्लीजवळच्या मानेसरहून एनएसजीचे कमांडो आणावे लागले. क्यूआरटीच्या जवानांना सरावासाठी पुरेशा गोळ्याही मिळत नव्हत्या, हे पुढे राम प्रधान समितीच्या चौकशीत उघड झाले. त्यानंतर राज्य सरकारने एनएसजीच्या धर्तीवर फोर्स वन उभी केली. नवी शस्त्रे आली, बुलेटप्रूफ गाड्या आल्या. हे सगळे व्हायलाच हवे होते. 166 माणसे मेली होती.

पण ती माणसे कुठे मेली हेही लक्षात ठेवा. टीव्हीवर तीन दिवस ताजचा घुमट दिसत राहिला. एका ठिकाणचे सर्वाधिक बळी मात्र सीएसटीवर गेले, 50 हून अधिक. लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत गाठोड्यांवर बसलेली ती साधी माणसे होती. तिथे अतिरेक्यांसमोर सर्वात आधी उभे राहिले ते जुन्या रायफली आणि काठ्या घेतलेले रेल्वेचे पोलीस. आणि कसाबला जिवंत पकडले ते गिरगाव चौपाटीवर, सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी. त्यांच्या हातात फक्त लाठी होती. एके-47 ची नळी त्यांनी छातीशी धरून ठेवली आणि प्राण दिले. त्या रात्रीचा आमच्या दृष्टीने सर्वात मोठा धडा हाच की संकट पहिल्यांदा येऊन धडकते ते चौकीतल्या साध्या शिपायावर. विशेष पथक नंतर पोहोचते. म्हणून ठाण्यातला साधा पोलीस कसा वागतो, यावरच या शहराची सुरक्षितता ठरते.

आता दुसरी तारीख. 11 जुलै 1997, घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी लोकांना दिसला. लोक संतापून रस्त्यावर आले. तिथे मात्र सशस्त्र पथकाला यायला अजिबात वेळ लागला नाही. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला, त्यात 10 जण गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे पोलिसांकडून सांगण्यात आले. न्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती 2009 मध्ये, 12 वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला.

समाजशास्त्राच्या वर्गात मॅक्स वेबर शिकवतात. बळाचा वैध वापर करण्याची मक्तेदारी ज्याच्याकडे, ते राज्य. व्याख्या बरोबर आहे, पण रमाबाई नगरातल्या माणसाला ती अपुरी वाटेल. कारण त्याचा पुढचा प्रश्न असतो, हे बळ कोणासाठी वापरले जाते आणि कोणावर? त्या सकाळी ज्यांच्या श्रद्धास्थानाची विटंबना झाली, तेच पोलिसांच्या लेखी धोका ठरले. बाबासाहेबांनी आयुष्यभर हेच सांगितले, की प्रशासनातला माणूस खुर्चीवर बसताना आपली जात बाहेर ठेवून येत नाही.

आम्ही वस्तीपातळीवर काम करतो, त्यामुळे याची छोटी छोटी रूपे रोज पाहतो. काही वर्षांपूर्वी एका एसआरए इमारतीत पाण्याच्या वेळेवरून भांडण झाले. आपल्या एका तरुणाला जातीवरून शिव्या देऊन मारहाण झाली, त्याच्या आईलाही ढकलले गेले. आम्ही त्यांच्यासोबत रात्री नऊला ठाण्यात गेलो. "शेजाऱ्यांचं भांडण आहे, सकाळी या, मिटवून घ्या," हे पहिले उत्तर. मध्यरात्री एनसी लिहायची तयारी झाली. त्याच दरम्यान वायरलेसवर बेवारस बॅगेचा निरोप आला आणि दोन मिनिटांत गाडी निघाली. निघायलाच हवी होती. बॅगेत कपडे निघाले. इकडे त्या माउलीच्या तक्रारीवर अॅट्रॉसिटीचे कलम लागले चौथ्या दिवशी, तेही आम्ही वरिष्ठांचे दार ठोठावल्यावर. दोन मिनिटे आणि चार दिवस, हे अंतर वाहनांच्या किंवा मनुष्यबळाच्या कमतरतेतून आलेले नाही.

कोणी म्हणेल, अतिरेकी हल्ला आणि शेजाऱ्यांची मारहाण यांची तुलना कशी करता? आम्ही तुलना करत नाही, कायदा वाचतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा, त्याचे नियम 1995 चे. अत्याचाराची माहिती मिळताच वरिष्ठ अधिकाऱ्याने घटनास्थळी जावे, असे हे नियम सांगतात. तपास 60 दिवसांत पूर्ण व्हावा, असे सांगतात. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे 2018 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाला कलम 4 खाली शिक्षा आहे.

आणि याहून महत्त्वाची गोष्ट नियम 3 मध्ये आहे. राज्य सरकारने अत्याचारप्रवण क्षेत्रे ओळखावीत आणि गरज भासल्यास तिथे विशेष पोलीस दल तैनात करावे, अशी तरतूद तिथे आहे. म्हणजे आपल्यासाठीही विशेष पथकाची सोय कायद्याने करून ठेवली आहे. तुमच्या वस्तीत ते पथक कधी दिसले? ज्या यंत्रणेने 26/11 नंतर कमांडो दल उभे करून दाखवले, तिला हे जमणार नाही असे नाही. त्यासाठी आपल्या जिवाला असलेला धोका हा 'धोका' आहे असे आधी मानावे लागते.

इथे एक गैरसमज टाळू. पोलीस दलाकडे पाठ फिरवा, असे आम्ही म्हणत नाही. आज आपल्या कितीतरी वस्त्यांतून मुलंमुली पहाटे भरतीच्या तयारीला उतरतात. मुलं 1600 मीटर धावतात, मुली 800 मीटर, मग गोळाफेक, मग अभ्यासिकेत लेखीचा अभ्यास. त्यांतल्या अनेकांना पुढे क्यूआरटीत किंवा फोर्स वनमध्ये जायचे असते. जरूर जावे. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून बाबासाहेबांनी प्रयत्न केले, ते शस्त्र आणि वर्दीची सत्ता ठरावीक जातींच्या हातात राहू नये यासाठी. पण वर्दी अंगावर चढली की ठाण्याच्या बाकड्यावर बसलेली आई विसरायची नाही. आपल्या माणसाने वर्दी घालून तेच केले, तर प्रतिनिधित्व कशासाठी मागितले?

आता कामाचे बोलू. माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा. एक, तुमच्या जिल्ह्यात नियम 3 खाली कोणती क्षेत्रे निश्चित केली आणि तिथे विशेष पोलीस दल नेमले का? दोन, गेल्या तीन वर्षांत अॅट्रॉसिटीच्या प्रत्येक गुन्ह्यात तक्रार, एफआयआर आणि घटनास्थळाची पाहणी यांत किती वेळ गेला? तीन, कलम 4 खाली किती अधिकाऱ्यांवर कारवाई झाली? जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. तिची इतिवृत्तेही मागा. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे आहेत, दोन्हीकडे अर्ज करा. मिळालेली उत्तरे विहारात सर्वांसमोर वाचा आणि आमच्याकडेही पाठवा, म्हणजे एकत्र मांडता येतील.

हॉटेलच्या दारात पथक किती मिनिटांत पोहोचले याचा हिशेब हे शहर ठेवते. वस्तीच्या दारात ते किती दिवसांनी पोहोचले याचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागेल.

जय भीम!