पाटी आणि रंग

भुसावळला दोन गोष्टी फुकट मिळतात, ऊन आणि सल्ला. मे महिन्यात दोन्हींचा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. अशाच एका दुपारी आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने मला सांगितलं, "तुम्ही बँकेत कॉम्प्युटरवरच बसता. वेबसाइट तुम्हीच करा." म्हणजे तिकिटं तपासणाऱ्याला इंजिनही दुरुस्त करता येतं म्हणण्यातलाच प्रकार! पण मी नाही म्हणालो नाही. बी.कॉम.ला असताना, २००० साली, मी एचटीएमएलचा तीन महिन्यांचा क्लास केला होता आणि त्या फीचं पुढं काय झालं, हे अप्पा अजून विचारत असत.

क्लासातली विद्या सोपी होती. अक्षर मोठं हवं, तर त्याच्याआधी 'फॉन्ट'ची खूण घालायची, आकार सांगायचा, रंग सांगायचा, शब्द संपला की खूण बंद करायची. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. मी इमानेइतबारे साठ पानं केली. सगळे मथळे मोठे आणि तांबडे.

अध्यक्ष म्हणाले, "तांबडा डोळ्यांना टोचतो. निळा करा." साठ पानं, प्रत्येकावर पाच-दहा मथळे. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी खजिनदार म्हणाले, "काय भो, निळा जरा थंड वाटतो." भुसावळात थंड वाटणं हा दोष कधीपासून झाला, ते मी विचारलं नाही.

अकरावीतली आमची कन्या हे सारं पाहत होती. "बाबा, तुमचं हेड ऑफिस प्रत्येक पासबुकावर नियम लिहीत बसतं का?"

"छे! एक सर्क्युलर काढतं."

"मग इथंही काढा."

त्या सर्क्युलरला सीएसएस म्हणतात. पानावर फक्त एवढंच लिहायचं की हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी. मथळा कोणत्या रंगाचा, ते वेगळ्या फायलीत एकदाच. हॉकून व्यूम ली नावाच्या नॉर्वेच्या गृहस्थांनी ही कल्पना १९९४ साली मांडली. तेव्हा ते सर्न या संस्थेत होते, म्हणजे जिथं टिम बर्नर्स-ली यांनी वेबला जन्म दिला तिथंच. डिसेंबर १९९६ मध्ये तिचे नियम ठरले आणि वर्षभरानं, एचटीएमएल ४.० आलं तेव्हा, 'फॉन्ट' आता वापरू नका, असं जाहीर झालं. म्हणजे मी फी भरून शिकलो ती खूण दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाली होती! तरी ब्राउझर अजून तिचं ऐकतात. पेन्शनर आले की आम्ही खुर्ची देतो, तसंच.

कन्येनं नमुन्याला एक पान करून दाखवलं. मी म्हटलं, "माझ्यासारखंच तर दिसतंय!"

"दिसतंय," ती म्हणाली आणि फोन घेऊन अप्पांकडे गेली.

अप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले, वाचनालयाचे चाळीस वर्षांचे सभासद. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली. आता फोन त्यांना वाचून दाखवतो. आधी माझं पान लावलं. मथळा, मजकूर, वर्गणी, थकबाकी, सगळं एका दमात. अप्पा म्हणाले, "ही एक्स्प्रेस एकाही स्टेशनावर थांबत नाही रे."

मग कन्येचं पान लागलं. मथळा आला की फोन आधी तसं सांगायचा आणि बोटानं एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारता यायची. अप्पा तिसऱ्या उडीत 'नवी पुस्तकं'वर पोचले आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणाला न विचारता त्यांनी पुस्तक निवडलं.

"पण अप्पा, मी मथळे मोठे केले होते, रंगवले होते!"

"मला रंग कुठं दिसतो? आपल्या स्टेशनची पाटी पिवळी. ती देशभर पिवळीच, एकदा ठरलं ते ठरलं. पण मराठीत भुसावळ आणि हिंदीत भुसावल, हे ज्याचं त्यालाच नीट लिहावं लागतं. माणूस नाव कळल्यावर उतरतो, रंग बघून नाही."

दुसऱ्या दिवसापासून कन्येनं साठही पानांतल्या माझ्या खुणा उपटायला घेतल्या. ते पुस्तक मी रोज रात्री अप्पांना वाचून दाखवतो.

मथळे आता हिरवे आहेत. पुढच्या सभेत जांभळ्या रंगाचा ठराव येतोय म्हणे. येऊ दे. एकच शब्द बदलायचा आहे आणि तेवढा अधिकार कन्येनं मला दिला आहे.