स्क्रूचा अर्धा वळसा

आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांतून आमच्या पूर्वजांना लोक 'शनिवार तेली' म्हणत, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. घाणा सहा दिवस फिरे आणि सातव्या दिवशी थांबे. आमच्याजवळ आता घाणा नाही. आहे तो चाळिशी उलटलेला, सहा सिलिंडरचा, पेट्रोलवर चालणारा एक छोटा ट्रक. तोही शनिवारी थांबतो. या थांबण्याने आमची एक मोठी चूक कशी उघडी पडली, ते येथे प्रांजळपणे लिहीत आहोत.

आम्ही राहतो ते वेरिबी, मेलबर्नच्या नैर्ऋत्येस तीसेक किलोमीटरवर, त्याच नावाच्या नदीकाठी. समुद्राच्या अंगाला वेरिबी साउथचे भाजीमळे आहेत. इटलीहून आलेल्या कुटुंबांनी ते पिढ्यान्पिढ्या पिकवले. फ्लॉवर, ब्रोकोली, लेट्यूस ही तिथली मुख्य पिके. शहराचा घाऊक भाजीबाजार २०१५ साली एपिंगला, म्हणजे मेलबर्नच्या उत्तर टोकाला गेला. आमच्या सूनबाई आठवड्यातून दोनदा पहाटे मळ्यावरच्या पेट्या भरून या ट्रकने तिकडे जातात. रिंग रोडवर पुढे मागे डोंगराएवढे कंटेनर आणि मध्ये आमचे हे लहानसे धूड.

गोष्ट जूनमधली. इथे तेव्हा ऐन थंडी असते आणि सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. अश्दोद-दिमोनाचे आमचे नातेवाईक उन्हाने त्रासलेले असतात, तेव्हा आम्ही शुक्रवारी साडेचारलाच दिवे लावायच्या घाईत असतो. अशाच एका शुक्रवारी दुपारी सूनबाई ट्रक अंगणात उभा करून आत आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, सिग्नलला उभी राहिले की इंजिन थरथरते. ब्रेकवर पाय असला की जास्तच."

आम्ही मुंबईत ऐन उमेदीची वर्षे गॅरेजात घालवलेली. वाक्याचा पहिला भाग ऐकला आणि दुसरा कानाबाहेर टाकला. बॉनेट उघडले, इंजिन सुरू केले. स्लोवर किंचित मिसिंग वाटत होते, पण गाडी बंद पडावी असे काही नव्हते. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, "व्हॉल्व्ह गेले असतील. शिशाचे पेट्रोल बंद झाल्यापासून जुन्या इंजिनांचे असेच चालले आहे." त्यात तथ्य होते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २००२ पासून. पेट्रोलातले शिसे जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण देत असे. ते गेल्यावर मऊ लोखंडाच्या बैठका झिजू लागतात. चिरंजीव लगेच म्हणाले, "बाबा, हेड उतरवण्यात पैसे घालण्यापेक्षा विकून टाकू." आम्हाला दोन्ही नको होते. दिवे लावायला अर्धा तास उरला होता. आम्ही कार्ब्युरेटरवरचा स्लोचा स्क्रू अर्धा वळसा आत फिरवला. इंजिनाचा वेग वाढला, थरथर गेली. हात धुतले आणि छातीठोकपणे सांगितले, "झाले काम. सोमवारी खुशाल घेऊन जा."

शनिवारी ट्रकला हात लावायचा नाही. कॉलफील्ड, सेंट किल्डाची सिनेगॉग पुलापलीकडे दूर, म्हणून शब्बाथ बहुधा घरीच होतो. दुपारी जेवण करून पडलो, पण डोळा लागेना. कामाला हात नसला की कान काम करू लागतात. सूनबाईंचे वाक्य पुरते ऐकू आले ते तेव्हा: "ब्रेकवर पाय असला की जास्तच." आम्ही इंजिन तपासले ते हँडब्रेक ओढून, बॉनेटपाशी उभे राहून. आमचा पाय ब्रेकवर नव्हताच! तक्रार एका परिस्थितीची, तपासणी दुसऱ्याच परिस्थितीची.

आणि मग पोटात गोळा आला. त्याचे कारण समजावे म्हणून थोडी यंत्रविद्या सांगावी लागेल. इंजिन स्लोवर असते तेव्हा हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन हवा ओढू पाहतात, मिळत नाही, म्हणून आतल्या नळीत, मॅनिफोल्डमध्ये, निर्वात ओढ तयार होते. धडधाकट इंजिनात ही ओढ साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतकी भरते. याच ओढीवर ब्रेकचा बूस्टर चालतो. पेडलपुढच्या त्या गोल डब्यात रबरी पडदा असतो. पाय दाबला की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा येते, दुसऱ्या बाजूला ओढ असते, आणि आपल्या पायाच्या जोरात बूस्टरचा जोर मिळतो. हा पडदा फाटला तर ब्रेक दाबताच ती हवा फटीतून थेट इंजिनात शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि इंजिन मिसिंग मारते. वेगात ही आगंतुक हवा एकूण हवेच्या मानाने थोडी, म्हणून कळत नाही. स्लोवर मात्र तीच भारी पडते.

म्हणजे थरथर हा रोग नव्हता, निरोप होता. आम्ही निरोप्याचे तोंड दाबले होते आणि सूनबाईंना अर्ध्या ब्रेकवर रिंग रोडला धाडायला निघालो होतो.

शनिवारी रात्री हबदाला झाल्यावर कोणाशी बोललो नाही. रविवारी सकाळी सूनबाईंना म्हटले, "जरा ट्रकमध्ये बसता का? पायाचे काम तुमचे." आधी स्क्रू अर्धा वळसा मागे घेऊन होता तिथे आणला, कारण झाकलेला दोष शोधता येत नाही. मग मॅनिफोल्डला ओढ मोजायचे घड्याळ लावले. काटा १८ वर स्थिर. व्हॉल्व्ह जळला असता तर काटा ठरावीक ठेक्याने झटके देत राहिला असता. शेजारच्यांची शंका तिथेच मिटली. "आता ब्रेक दाबा," म्हणालो. काटा घसरून १२ वर आला आणि थरथरू लागला, इंजिनही थरथरू लागले. पाय सोडला, पुन्हा १८. सूनबाई आतून म्हणाल्या, "बाबा, पायाशी फुस्स आवाज येतो आहे."

खात्रीसाठी आणखी दोन तपासण्या केल्या. इंजिन बंद करून त्यांना पेडल पाच-सहा वेळा मारायला लावले, म्हणजे डब्यातली ओढ संपते. मग पाय दाबून धरून इंजिन सुरू करायचे. बूस्टर चांगला असेल तर पेडल पायाखाली थोडे खाली जाते. आमचे जागचे हलले नाही. शेवटी बूस्टरकडे जाणारी रबरी नळी फडके गुंडाळून पकडीने चिमटली. ब्रेकवर पाय असतानाही इंजिन शिवणयंत्रासारखे चालू लागले. निदान झाले.

ब्रेकचे काम आम्ही घरी करत नाही. त्यातल्या जाणकाराकडून बूस्टर बदलून घेतला. आठवडाभर पेट्या शेजारच्या मळेवाल्याच्या गाडीतून गेल्या. खर्च हेड उतरवण्याच्या मानाने थोडाच झाला. चिरंजीवांना विक्रीचीही आठवण करून दिली. व्हिक्टोरिया राज्यात चालू नोंदणीची जुनी गाडी विकताना ती रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला लागतो, आणि त्यात ब्रेक तपासले जातात. दोष तेव्हाही बाहेर आलाच असता. पण दाखल्याआधी किती सोमवार गेले असते, हा विचार आम्ही मनात फार वेळ ठेवू शकत नाही.

ज्यांच्या अंगणात अशी जुनी गाडी आहे त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. जो चालवतो त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐका. तक्रार ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत गाडी ठेवून तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि कारण सापडेपर्यंत स्लोच्या स्क्रूला हात लावू नका.

ट्रक घरी आला त्या रात्री जेवताना आम्ही सूनबाईंना म्हणालो, "शुक्रवारी तुमचे पुरते ऐकले नाही, चुकले आमचे." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, दिवे लावायची वेळ झाली होती ना." त्यांनी आम्हाला सबब दिली. आम्ही ती घेतली नाही. आता शुक्रवारी ट्रक अंगणात आला की आम्ही आधी विचारतो, "काय म्हणतो आज?" आणि उत्तर संपेपर्यंत बॉनेट उघडत नाही.